वाढवलंय की वाढवायचंय

"पटवेकर, अहो पटवेकर, विट्याहून फोन होता. तुमच्या थोरलीचा."

शेजारचे हरिभाऊ भांडीवाले आमच्या दुकानाच्या फळीला टेकून उभे होते. भोगीचा दिवस, त्यामुळे दुकानात बायकांची ही गर्दी. आण्णा पायाच्या अंगठ्याला रेशीम अडकवून कुणाची तरी पोत गाठवत होते आणि मी त्यांच्यासमोर बसून काळे मणी निवडत होते.

"काय म्हणाली?" आण्णांनी मान वर न करताच विचारलं.

"मंगळसूत्र वाढवायचंय म्हणाली. आण्णांना म्हणावं स्वतः या, लगेच या. एवढं बोलली न् ठेवून दिला."

आण्णा गालातल्या गालात हसले. मला मात्र ते 'लगेच या' खटकलं. पण गिऱ्हाइकं खोळंबली होती, मी मणी निवडत राहिले.

आम्ही पटवेकरी. सोनार सोनं घडवतो, पण ते रेशमात ओवून, गोफ विणून, बाईच्या गळ्यात घालण्याजोगं करतो ते आम्ही. कराडला मंडईच्या मागं आमचं दुकान होतं, अजून आहे. त्या दुकानात 'तुटलं' हा शब्द काढायची कुणाची बिशाद नव्हती. मंगळसूत्र तुटलं म्हणायचं नाही, वाढवलं म्हणायचं. बांगडी फुटली म्हणायचं नाही, तीही वाढवली. नारळ वाढवायचा, दिवा वाढवायचा, संध्याकाळी दुकानसुद्धा बंद करायचं नाही, वाढवायचं. मी लहान असताना एकदा भर दुकानात ओरडले होते, "आण्णा, या बाईंचं तुटलंय." आण्णांनी त्या बाईंसमोरच माझ्या कानाखाली वाजवली आणि बाईंना म्हणाले, "पोर आहे, मनावर घेऊ नका." बाईंनीसुद्धा मान डोलावली. चूक माझीच, असं सगळ्यांचं मत पडलं.

आता गंमत अशी, की मंगळसूत्र खरोखरच लांब करून हवं असेल, मधे चार मणी घालून पोटापर्यंत आणायचं असेल, तर त्यालाही वाढवणंच म्हणायचं. एकच शब्द, दोन कामं. त्यामुळं नवं गिऱ्हाईक फळीशी आलं की आण्णांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "बोला ताई, वाढवलंय की वाढवायचंय?" त्या एका प्रश्नावर सगळा उलगडा व्हायचा. हरिभाऊ पडले भांडीवाले. पातेल्याला कल्हई कधी लागते ते त्यांना कळायचं, हा फरक त्यांना कुठून कळणार? त्यांनी जे कानावर पडलं ते आपल्या समजुतीनं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी संक्रांत. सकाळच्या एस्टीनं आम्ही दोघं विट्याला निघालो. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, घरात आण्णा आणि मी. माझं लग्न ठरत नव्हतं, कारण मला तोंड आहे असं सगळे म्हणायचे. तोंड थोरल्या वत्सलाक्कालाही होतं, पण तिनं ते लग्नानंतर मिटून घेतलं होतं. तिला सगळे गुणी म्हणायचे.

आण्णा खिडकीशी बसून खुशीत होते. मांडीवर त्यांची पत्र्याची पेटी होती. रेशमाची रिळं, मेण, दाभण, कात्री आणि निवडक काळ्या मण्यांची पुडी, सगळा जामानिमा घेऊन निघाले होते.

"कापडाचं दुकान जोरात दिसतंय जावयाचं," ते म्हणाले. "मधे सोन्याचे मणी घालायचे असतील. नाहीतर वाढवायचं कशाला काढलं असतं?"

"मणी घालायला एवढी कसली घाई, आण्णा? लगेच या, स्वतः या?"

"सणाला चार बायकांत मिरवायचं असतं. तुला नाही कळायचं ते."

"मला कसं कळेल. माझ्या गळ्यात काय आहे?"

"तेच म्हणतोय मी," आण्णा म्हणाले आणि हसले. मला राग आला, पण तो रोजचा राग होता, खिडकीबाहेर बघितलं की उतरायचा.

मग ते त्यांच्या आवडत्या विषयावर आले. दिवाळीला आक्का माहेरी आली होती तेव्हा तिचं मंगळसूत्र वाढवलेलं होतं. बाळानं ओढलं म्हणाली. आण्णांना ते फार लागलं. पोरीचं नाही, गोफाचं. मी गाठवलेलं वाढतंच कसं, असं म्हणून त्यांनी जुना गोफ फेकून दिला आणि नवा विणायला घेतला. पहिल्याच्या दुप्पट पदरी, वर मेणाचा हात दिलेला. दोन दिवस दुसरं काम हातात घेतलं नाही. तो लेकीला देताना म्हणाले होते, "घे. आता बैल जुंपला तरी वाढायचं नाही." आक्कानं तो मान खाली घालून गळ्यात घातला होता. एस्टीत आण्णांनी ते मला पुन्हा एकदा ऐकवलं, बैलासकट.

आक्काचं घर बाजारपेठेच्या मागच्या आळीत होतं. दार आक्काच्या सासूनं, द्वारकाबाईंनी उघडलं. सोप्यात सतरंजी अंथरलेली, तबकात हळदीकुंकू, वाटायची वाणं एका बाजूला रचून ठेवलेली. दुपारी आळीतल्या बायका यायच्या होत्या. पाळण्यात आक्काचं आठ महिन्यांचं बाळ झोपलं होतं.

"अगं बाई, तुम्ही कसे आज?" द्वारकाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज गोड होता. कायमच गोड असायचा, सणासुदीला जास्तच.

"वत्सलाचा निरोप आला, विहीणबाई. मंगळसूत्र वाढवायचंय म्हणून."

द्वारकाबाई क्षणभर आण्णांकडं बघत राहिल्या. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. आधी त्या दचकल्या, मग त्यांना काहीतरी उमगलं आणि मग त्या तोंडभर हसल्या.

"हां हां. वाढवायचंय. तिचीच हौस हो, आम्ही कुठं काय बोलतो. बसा की, पाणी घ्या आधी."

आक्का आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढलेला, थंडी वाजत असल्यासारखा. तिनं आण्णांना वाकून नमस्कार केला आणि पदराखालून एक डबी काढून त्यांच्यासमोर ठेवली.

आण्णांनी डबी उघडली. आत दोन वाट्या, सुटे काळे मणी आणि गोफाचे दोन तुकडे.

"हे तर वाढवलंय," आण्णा म्हणाले.

"हो."

"हरिभाऊ म्हणाला, वाढवायचंय."

"मी वाढवलंय म्हणाले होते, आण्णा. दोनदा म्हणाले."

"बाळ फार ओढतो हो," द्वारकाबाई मधेच म्हणाल्या. "एवढंसं आहे, पण हाताला काय जोर आहे. मी वत्सलाला सारखी सांगते, त्याला घेताना पदर नीट घेत जा. तुम्ही आलात ते बरं झालं. चार वाजता बायका येतील, सणाचा गळा मोकळा बरा दिसत नाही."

आण्णांनी गोफाचा एक तुकडा उचलला. बोटांत फिरवला, टोक उजेडाकडं धरलं. झिजून तुटलेला दोरा कसा दिसतो आणि हिसडा बसून तुटलेला कसा दिसतो, हे मला कळतं, कारण मी त्यांच्याच हाताखाली वाढले. आठ महिन्यांच्या पोरानं ओढून तो गोफ तुटला असेल तर मग आमच्या दुकानात कुणी यायलाच नको. आण्णांना ते माझ्या आधी कळलं. त्यांच्या तोंडावर मला ते दिसलं. मला वाटलं, आता बोलतील.

त्यांनी तो तुकडा डबीत परत ठेवला, पेटी उघडली, रेशमाचं नवं रीळ काढलं आणि दोरा पायाच्या अंगठ्यात अडकवला.

माझं डोकं सणकलं. मूग गिळून बसणं म्हणजे काय ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. मी तिथं बसले असते तर काय बोलले असते कुणास ठाऊक, म्हणून तांब्या उचलून आक्काच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले.

आक्का चुलीपुढं उभी राहून तिळाचा पाक हलवत होती. मी काही न विचारता मागून तिचा पदर ओढला.

गळ्यात पिवळ्या दोऱ्यात बांधलेलं हळकुंड होतं. मंगळसूत्र गळ्यात नसलं की बांधतात तसं. आणि दोऱ्याच्या वर, मानेच्या मागं, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत लाल रेघ होती. मधे कातडी फाटून त्यावर खपली धरायला लागली होती.

"पदर दे," आक्का म्हणाली.

"हे बाळानं केलं?"

"हळू बोल. त्या ऐकतील."

"ऐकू देत की. काय झालं ते सांग."

ती पाक हलवत राहिली. पाक करपला असता तर त्याचंही निमित्त झालं असतं, हे मला नंतर कळलं.

"काही नाही. परवा भाजी खारट झाली. मी म्हटलं, आजचा दिवस चालवून घ्या. उलट बोलतेस म्हणून ह्यांनी मंगळसूत्राला धरलं न् ओढलं." तिनं पाकाखालचं लाकूड मागं ओढलं. "दिवाळीच्या आधी ओढलं होतं ना, तेव्हा चटकन वाढवलं. या वेळी वाढवेना. म्हणून तसंच धरून भिंतीपर्यंत नेलं. मग तिथल्या कडीला अडकवून हिसडा दिला, तेव्हा वाढवलं."

माझ्या हातातला तांब्या मी ओट्यावर आपटला. पाणी सगळं सांडलं.

"वाढवेना काय म्हणतेस गं? तुटेना म्हण. तुझी मान तुटायची वेळ आली आणि तू अजून वाढवतेयस?"

"सणाच्या दिवशी असलं बोलू नये, शालन."

"फोनवर का नाही सांगितलंस सरळ?"

"समोरच्या डॉक्टरांच्या घरून केला. डॉक्टरीणबाई शेजारी उभ्या. त्यांच्यासमोर काय बोलणार?" तिनं पदर पुन्हा ओढून घेतला. "मला वाटलं, आण्णांना एवढं पुरेल. हा गोफ आपणहून वाढायचा नाही, हे त्यांनीच म्हटलं होतं ना. मग वाढवलंय म्हटल्यावर ते काय ते समजतील. ते आले, तेव्हा वाटलं समजलंच. आणि बघते तर मण्यांची पुडी घेऊन आलेत."

मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. दाजींचा राग होता, म्हातारीचा होता, आणि त्या शब्दाचा इतका राग आला की तो माणूस असता तर मी त्याला धरून बडवला असता. आक्कानं मदतीची हाक मारली होती. हरिभाऊंना वाटलं, लेकीला चार मणी जास्त हवेत. आण्णा एस्टीत हसत होते.

आणि सगळ्यात जास्त राग मला बाहेर बसलेल्या माणसाचा होता, ज्याला आता सगळं कळलं होतं आणि तरी तो मणी ओवत होता.

मी बाहेर आले तर मुरलीधरदाजी दुकानातून जेवायला आले होते. पांढरा इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध. त्यांनी आण्णांच्या पाया पडून तिळगुळाची वडी पुढं केली. मलाही दिली. मी ती हातात धरून उभी राहिले.

आण्णांचं अर्धं काम झालं होतं. दोरा अंगठ्यापासून हातापर्यंत ताणलेला, त्यावर काळे मणी ओळीनं बसलेले. वाट्या अजून समोरच्या रुमालावर होत्या. ते खाली बघून काम करत होते, पण गाठ दोनदा चुकली. आण्णांची गाठ चुकताना मी कधी बघितली नव्हती.

"जेवून घ्या आधी, मामा," दाजी म्हणाले. "आणि एक सांगू का, राग नका मानू. या वेळी जरा पक्कं गाठवा. दोन महिन्यांत दुसऱ्यांदा वाढवलं. लोक म्हणतील, पटवेकऱ्याच्या लेकीचंच मंगळसूत्र कच्चं. तुमचंच नाव जातं त्यात."

आण्णांचे हात थांबले.

मी तोंड उघडणार होते. शब्द अगदी जिभेवर होते, आणि चांगले नव्हते. पण आण्णांनी मला हातानं थांबवलं, दाजींकडं बघितलंही नाही आणि आत हाक मारली.

"वत्सला. इकडं ये. माप घ्यायचंय."

आक्का दारात आली.

"माप कशाला?" द्वारकाबाई म्हणाल्या. "पहिल्याएवढंच करा की."

"बस इथं," आण्णा आक्काला म्हणाले. "पाठ कर माझ्याकडं."

आण्णांनी तोवर कुठल्या बाईच्या मानेला हात लावला नव्हता. माप घ्यायचं तर दोरा बाईच्या हातात देऊन तिच्याकडूनच घ्यायचे, लेकींचंसुद्धा. त्या दिवशी त्यांनी स्वतः आक्काच्या खांद्यावरचा पदर बाजूला केला.

सोप्यात स्वयंपाकघरापेक्षा उजेड होता. मला आत जे दिसलं नव्हतं ते इथं दिसलं. ती नुसती लाल रेघ नव्हती. रेघेच्या दोन्ही टोकांना, जिथं कातडी फाटली नव्हती तिथं, गोफाचा पीळ उमटला होता. एकावर एक घेतलेले पदर मोजता यावेत इतका स्वच्छ. आण्णांनी तो स्वतःच्या हातानं विणला होता, दोन दिवस खपून. त्यांनी त्या वळावर बोट ठेवलं आणि ते तसंच राहिलं.

मग आण्णांनी त्यांचा नेहमीचा प्रश्न विचारला. मला वाटतं, सवयीनं तोच तोंडात आला असावा.

"वत्सला, वाढवलंय की..."

पुढं त्यांना बोलता येईना. त्यांच्याकडं तिसरा शब्दच नव्हता. जन्मभर त्यांनी तो दुकानात येऊ दिला नव्हता.

आक्का समोर भिंतीकडं बघत होती. ती म्हणाली, "तोडलं, आण्णा."

"वत्सला," द्वारकाबाईंचा आवाज चढला. "सणाचा दिवस आहे. सवाष्णीनं तोंडातून असलं काढू नये."

"बघितलंत?" दाजी म्हणाले. "हे असं असतं हिचं. नवराबायकोत थोडंफार होतं, मामा. तुमच्यात झालं नसेल का कधी? तुम्ही गाठवा न् जेवून निघा. चारला बायका यायच्यात."

आण्णांनी पेटीतून कात्री काढली. दोरा अजून त्यांच्या अंगठ्यात होता, ताणलेला, मण्यांनी भरलेला. सवाष्णीसमोर मंगळसूत्राच्या दोऱ्याला कात्री लावायची नाही, हे त्यांनी मला शिकवलेलं पहिलं. त्यांनी दोरा कात्रीच्या पात्यांत धरला आणि दाजींकडं बघितलं.

"बघा, जावईबापू," ते म्हणाले आणि दोरा कापला.

मणी सतरंजीवर सांडले आणि वाणांच्या खाली, पाळण्याखाली घरंगळत गेले.

"हे मी तोडलं. वाढवलं नाही. तोडलं. विहीणबाई, तुम्हीही ऐकून ठेवा. आणि त्याच्या आधीचं तुमच्या लेकानं तोडलं. दोन्ही वेळा."

"म्हातारपणी चळ लागलाय तुम्हाला," दाजी म्हणाले.

"लागू दे." आण्णांनी वाट्या रुमालात बांधल्या आणि आक्काच्या हातात ठेवल्या. "या तुझ्या. पुन्हा गाठवायच्या असतील तर पटवेकरी गावोगाव आहेत. मी गाठवणार नाही. इथं राहायचं की यायचं, तू सांग."

आक्का उठली. पाळण्याशी गेली आणि झोपलेल्या बाळाला उचलून खांद्यावर टाकलं. बाकी तिनं काहीच घेतलं नाही, चुलीवरचा पाकसुद्धा तसाच सोडला. दाजी दाराकडं सरकले. वाट अडवणार असं दिसलं, तशी मी हातातली तिळगुळाची वडी त्यांच्या इस्त्रीच्या शर्टाच्या खिशात कोंबली आणि म्हटलं, "तुम्ही खा. तुम्हाला गोड बोलायला लागणार आहे आता, आख्ख्या आळीत." ते भांबावून मागं झाले तेवढ्यात आक्का उंबऱ्याबाहेर पडली होती.

"शालन, दुकान वाढव," आण्णा म्हणाले. मी पेटी आवरली. मणी मात्र एकही उचलला नाही.

आळीत दोन बायका तबकं घेऊन वेळेआधीच निघाल्या होत्या. एकीनं विचारलं, "वत्सला, आजच्या दिवशी कुठं गं?" आक्कानं पदर घेतला नव्हता. त्या बाईनं मानेकडं बघितलं आणि तिचं तबक हातात तसंच राहिलं. तिच्या तोंडावरून मला कळलं, की आळीला आवाज नेहमी ऐकू येत होता.

एस्टीत आक्का बाळाला घेऊन खिडकीशी बसली आणि तिला लगेच डोळा लागला. मी आण्णांच्या शेजारी. मला वाटलं होतं माझा राग उतरला असेल. पण रुमालानं कपाळ पुसत बसलेल्या आण्णांकडं बघितलं आणि तो पुन्हा उसळला.

"तुकडा हातात घेतलात तेव्हाच कळलं होतं ना तुम्हाला?"

"हो."

"तरी ओवत बसलात."

गाडीनं बरंच अंतर काटलं. मग ते पुढच्या बाकाकडं बघत म्हणाले, "आज नाही कळलं. दिवाळीत कळलं होतं. तेव्हाचा तुकडाही असाच होता."

मी त्यांच्याकडं वळले.

"बाळानं ओढलं म्हणाली. मीही तेच धरलं. वाटलं, पक्का केला की भागेल. वाढवलंच नाही तर प्रश्न कुठं येतो."

"म्हणून दुप्पट पदरी विणलात."

"म्हणून विणला."

त्या माणसाला दोराच जाड करायचं सुचलं. लेकीचं मंगळसूत्र कुणीतरी हिसडून तोडतंय हे कळल्यावर त्यानं दोन दिवस बसून न तुटणारा दोरा केला, आणि तिच्या गळ्यात घालून तिला परत पाठवलं. आधीचा निदान चटकन तुटायचा. मी कराड येईपर्यंत त्यांच्याशी एक अक्षर बोलले नाही, आणि त्यानंतरही बरेच दिवस बोलले नाही. दोरा कापला म्हणून मी त्यांना माफ करावं, असं नंतर पुष्कळांनी मला सांगितलं. आक्कानं केलं. मला अजून जमलेलं नाही.

दाजींकडचे लोक चारदोनदा येऊन गेले. समजूत घालायला आमच्या आळीतली मोठी माणसं बसायची आणि म्हणायची, झालं गेलं, मंगळसूत्र वाढवलं, त्यात एवढं काय. दर वेळी आण्णा भिंतीला टेकून बसलेले असायचे आणि तेवढंच दुरुस्त करायचे. "वाढवलं नाही. तोडलं." दुसरं काही बोलायचे नाहीत. आक्का विट्याला परत गेली नाही. त्या वाट्या मोडून तिनं बाळासाठी कानातली केली.

आण्णा गेल्यावर दुकान मी चालवते. आक्का शेजारी बसून मणी निवडते, तिच्या मानेवर आता काही दिसत नाही. दोरा मी अजून आण्णांसारखाच विणते, पण दुप्पट पदरी कुणी कितीही मागितला तरी करून देत नाही. गिऱ्हाइकं 'वाढवलंय' म्हणतात, म्हणू देते, त्यांची रीत आहे. फक्त माझा प्रश्न आण्णांच्यापेक्षा थोडा मोठा आहे.

"बोला ताई," मी विचारते, "वाढवलंय, वाढवायचंय, की तोडलंय?"

बहुतेकजणी हसतात आणि म्हणतात, काहीतरीच काय बोलता हो. मग त्यांचं काम मी तिथंच करून देते. एखादी हसत नाही, पदर जरा घट्ट ओढून घेते. तिला मी फळीच्या आत बोलावते, आक्का उठून तिला आपली जागा देते, आणि रेशीम मी हातात घेत नाही.